उंबऱ्याची पट्टी

जिवनबाईला भांडता येतं, हे तिला स्वतःलाच अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

झालं असं, की नगरपंचायतीच्या ज्येष्ठ निवासात येऊन तिला महिनाही झाला नव्हता आणि पाण्याची मोटार बंद पडली. जुन्या गुरांच्या बाजाराच्या मैदानावर सोळा खोल्यांची ती रांग बांधलेली. समोर लांब पडवी, टोकाला दोन न्हाण्या, त्यांच्या डोक्यावर पाण्याची टाकी. ज्यांना पुढेमागे कोणी नाही, किंवा असूनही नाही, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी. कागदावर नाव मोठं होतं, पण गावातले लोक सरळ ‘म्हाताऱ्यायची कॉलनी’ म्हणत.

मोटार गेली तशी पडवीत बसून सगळ्यांनी नशिबाला आणि सरकारला शिव्या घातल्या. उठून जायला कोणी तयार नव्हतं. जिवनबाई मात्र त्या दिवशी महिन्याचं देखभाल शुल्क भरायला कचेरीत निघालीच होती. दीडशे रुपये खिडकीतून आत सरकवले आणि निघता निघता, आपल्यालाच ऐकू येईल न येईल अशा आवाजात ती म्हणाली, “बाई, तिथली मोटार बंद हाय.”

खिडकीमागे लेखा विभागातली रेवती होती. तिशीच्या आतली, चष्मा लावणारी, पटपट बोलणारी पोरगी. तिनं मान वर केली. “कधीपासून?”

एवढंच. पुढे काही रागावणं नाही, ‘बघू’ नाही. दुसऱ्या दिवशी दोन माणसं पाने आणि वायरीचं भेंडोळं घेऊन आली. त्यांनी मोटार उघडली, तिला यथेच्छ शिव्या दिल्या, पुन्हा बंद केली आणि बटण दाबलं. वर टाकीत धडधड पाणी पडायला लागलं.

जिवनबाई खाली उभी राहून टाकीकडे तोंड वर करून बघतच राहिली. नरसीच्या देवळात कीर्तनात तिनं किती वेळा ऐकलं होतं, की लहानग्या नामदेवानं हट्ट धरला आणि देव खरंच जेवायला आला. ते तिला पटायचं, कारण तो देव आणि तो नामदेव. पण आपण, साखरा गावाच्या पलीकडच्या एका वस्तीवरची बाई, खिडकीत एक वाक्य बोललो आणि नगरपंचायत पाना घेऊन आली! हे तिच्या डोक्यात मावेना. त्या संध्याकाळी तिनं नळाखाली उगीचच हात धुतले. मग पुन्हा धुतले.

त्यानंतर तिची भीड चेपली ती चेपलीच. पडवीतला दिवा गेला, तुंबलेली मोरी, भिंतीत शिरणारं पाणी, सगळ्याला जिवनबाई. रात्री निवासाची राखण करणारा मुन्ना चाळिशीचा गडी, पण ती दिसली की बिडी मागे लपवायचा.

“मावशी, तुमी वकीलच व्हायला पायजे व्हत्या,” तो म्हणायचा.

“वकील फी घेतेत. आमी फी भरून भांडतो,” जिवनबाई म्हणायची आणि स्वतःच्याच बोलण्यावर तिला हसू यायचं. घरात सून म्हणून आली तेव्हापासून इतकं बोलणं तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

खोलीला भाडं नव्हतं. ते दीडशे रुपये होते मोटारीच्या विजेचे, पडवीतल्या दिव्यांचे, झाडलोटीचे आणि मुन्नाच्या पगाराचे. निराधारचे पैसे खात्यात आले की जिवनबाई तेल-मिठाच्याही आधी ते दीडशे पदराच्या गाठीत बांधायची. एकदा रेवतीनं तिला सांगितलं, की आजी, तुम्ही सगळे मिळून जे भरता त्यात निवासाचा पाव खर्चसुद्धा निघत नाही.

“मंग बाकीचं कोण भरून राहिलं?”

“गाव भरतं. घरपट्टीतून, बाजारकरातून.”

हे ऐकून जिवनबाईला दोन रात्री नीट झोप लागली नाही. बाजारातून चालताना ती माणसांकडे बघायला लागली. हा टायरवाला आपल्या दिव्याचे पैसे भरतो. ही बांगड्यांची दुकानवाली आपल्या मोटारीचे भरते. त्यांना हे ठाऊक तरी असेल का? तिला तर त्यांची नावंही ठाऊक नव्हती. तिनं त्यांना येता-जाता नमस्कार करायला सुरुवात केली. टायरवाला आधी गोंधळला, मग तोही हात जोडायला लागला. त्याला वाटलं, ओळखीतलीच कोणी असेल.

*

हळद शिजवायचे दिवस होते. शिवारातून कढयांचा वास गावापर्यंत यायचा. अशा एका सकाळी नगरसेवक रामकिशनभाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन निवासात आले. मनानं चांगला माणूस. कुणाच्या घरी मयत असो की बारसं, रामकिशनभाऊ हजर. बोलायला मात्र त्यांना चारचौघं लागत, आणि टाळी लागे.

“मावशा हो, मामा हो,” त्यांनी पडवीत उभं राहून सुरुवात केली, “पुढच्या आठवड्यात बजेटची सभा हाय. मी प्रस्ताव टाकला. तुमचं देखभाल शुल्क कायमचं माफ! एक रुपया भरायचा न्हाई. आता खुशाल रहा.”

पडवीत एकदम कलकलाट झाला. पहिल्या खोलीतल्या अनुसूयाबाईंनी हात उंचावून आशीर्वाद दिला. त्या देवळाच्या सेवेतल्या घराण्यातल्या. नवऱ्यानं जन्मभर देवाची पूजा केली आणि पोरांनी घर विकलं. उकंडराव तर काठी टाकून उठायलाच निघाले. मोंढ्यात तीस वर्षं हळदीची पोती वाहिलेला माणूस. गुडघे गेले, साखरेच्या आजाराच्या गोळ्या मागे लागल्या, पण जीभ शाबूत होती.

“भाऊ, दीडशे वाचले म्हंजे माझ्या गोळ्या निघाल्या बघा. तुमी आमदार व्हा. मी पोस्टर चिटकवतो.”

“गुडघे धरून चिटकवसान व्हय!” कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

पुडा फिरत फिरत जिवनबाईपर्यंत आला. तिनं पेढा घेतला, तळहातावर ठेवला आणि तशीच बसून राहिली. तो तोंडात का घालवत नाही, तिचं तिलाच कळेना.

“भाऊ,” ती हळूच म्हणाली, “मला न्हाई पायजे माफी.”

रामकिशनभाऊंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “काय म्हनल्या मावशी?”

“मी भरते दीडशे. माझे घ्या.”

“अवो, जास्त झाले का पैसे?” उकंडराव तिच्याकडे वळले. “जास्त झाले असतील तर इकडं टाका. देनारा देऊन राहिला, हिला घेववत न्हाई! गरिबाच्या ताटात माती कालवू नका, जिवनबाई.”

“तुमच्या ताटात कुठं कालवते? मी माझं बोलून राहिले.”

“एकीनं भरले म्हंजे सगळ्यायला भरावं लागंल. इतकं कळत न्हाई?”

ते खरंच होतं. उकंडरावांच्या गोळ्यांची चिठ्ठी जिवनबाईनंच एकदा औषधाच्या दुकानात नेली होती. दीडशे म्हणजे त्यांना काय, हे ती जाणून होती. पेढा तिनं भिंतीच्या कडेला मुंग्यांसाठी ठेवला, हात पदराला पुसले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दिवसाढवळ्या तिनं दार लावायची ही पहिलीच वेळ.

*

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. शुल्काची तारीख नव्हती, म्हणून रेवतीनं विचारलं, “आजी, आज काय बंद पडलं?”

“काहीच न्हाई. एक सांग लेकरा. आमचे दीडशे माफ झाले, मंग मोटार जळाली तर?”

रेवती लगेच उत्तर देणार होती, पण थांबली. खिडकीतून बोलणं बरं वाटेना म्हणून तिनं जिवनबाईला आत बोलावून खुर्ची दिली. समोरच्या पडद्यावर येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचा मसुदा उघडा होता. वरपासून खालपर्यंत ओळीच ओळी. जिवनबाईला अक्षर लागत नव्हतं, पण ती ओळी सरकताना बघत राहिली. कापणीला आलेल्या ज्वारीच्या रांगांसारख्या त्या संपतच नव्हत्या.

“हे सगळं गावाचं?”

“हो. रस्ते, नाल्या, दिवे, बाजार, स्मशानभूमी. जे जे म्हणून गावात आहे ते इथं कुठं ना कुठं आहे.”

“स्मशान बी?”

“तिथली लाकडंसुद्धा.”

जिवनबाईनं नकळत डोक्यावर पदर घेतला. जन्मल्यापासून सरणापर्यंत सगळं गाव एका जागी मांडून ठेवलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“आणि आमी?”

रेवतीनं एका ओळीवर बोट ठेवलं. “या तुम्ही. ‘ज्येष्ठ निवास, देखभाल शुल्क’. ही जमेची बाजू. तुमच्याकडून पैसे येतात म्हणून पलीकडं खर्चाच्या बाजूला तुमच्या नावाचं वेगळं शीर्ष, म्हणजे खातं, आहे. तो खर्च करावाच लागतो. कारण सेवेचे पैसे घेतले, तर सेवा द्यावी लागते.”

“आन माफ झालं तर?”

“मग ही ओळ जाते. मोटारीचा, दिव्याचा खर्च ‘इतर कल्याणकारी कामं’ यात जाईल. तिथं लिहिलेलं असतं, निधीच्या उपलब्धतेनुसार.”

“म्हंजे?”

रेवतीनं चष्मा काढून पुसला. “म्हणजे... जमलं तर.”

जिवनबाई खुर्चीत मागे टेकली. काल पेढा तोंडात का घालवला नाही, हे तिला आता कळलं. या ‘जमलं तर’मध्ये ती आधी एकदा राहून आली होती.

“सभा कोणत्या वारी हाय?”

“शुक्रवारी. पण आजी, तिथं तुम्हाला मागे बसून ऐकता येतं. बोलता येत नाही.”

*

सकाळी न्हाणीसमोरच्या नळावर भांडी घासायला सगळेच जमत. जिवनबाई आली तशी उकंडराव म्हणाले, “आल्या बघा मालकीन. का हो, आज पान्याचे बी पैसे घेतान का आमच्याकडून?”

“उकंडराव, तुमच्या गावी भंडाऱ्याची पट्टी कशी काढत?”

“कशी म्हंजे? उंबऱ्यामागं. जितके उंबरे तितक्या पायल्या ज्वारी. आखाडा बाळापुराकडं बी तशीच, साऱ्या मुलखात तशीच.”

“आमच्या वस्तीवर बी तशीच. मारुतीचा भंडारा, उंबऱ्यामागं पायलीभर ज्वारी आन शेरभर डाळ.” जिवनबाईनं घासायचं पातेलं खाली ठेवलं. “मालक गेले त्या साली पंच दारात आले. म्हनले, वैनी, तुमचं राहू द्या यंदा. बाईमानसाचं काय घ्यायचं. मी त्यायच्या पाया पडले. रडले. वाटलं, किती मोठ्या मनाची मानसं.”

“व्हतीच की मग!” उकंडराव म्हणाले.

“व्हतीच. कोनाच्या मनात वाईट न्हवतं. तेच तर सांगून राहिले. दुसऱ्या साली पंच शेजारच्या दारातून निघाले आन माझं दार सोडून पुढच्या दारात गेले. काही बोलले बी न्हाई. बोलायचं काय? मागल्या साली ठरलंच व्हतं. तिसऱ्या साली पोळ्या लाटायला बाया जमल्या. उंबऱ्याची बाई म्हनून हरेक घरातून एक. मला बोलावनं आलं, पन जेवायला. ‘या वो मावशी, पोटभर जेवा.’ माझ्याच वस्तीत मी पाव्हनी.”

भांड्यांचे आवाज थांबले होते. नळ तेवढा चालू होता. कोणीतरी तो बंद केला.

“मंग नळाची योजना आली. सरपंचानं पाइपाचं काम पंचायवर सोडलं. त्यायनं उंबरे मोजले. मोजायचे कसे? पट्टीच्या हिशेबानं, तोंडपाठच व्हते. पाइप आला आन माझ्या घराच्या आधी वळला. मी म्हनलं, माझं राहिलं. तर पंचच चपापले. म्हनले, अरे, वैनीचं कसं राहिलं? खरंच त्यायला आठवन न्हवती. पुढच्या टप्प्यात करू म्हनले. मी बाकीचं सारं आयुष्य दुसऱ्याच्या नळावर पानी भरलं. दुसऱ्याच्या नळावर नंबर शेवटचा असतो. आन पानी कमी आलं तर बोलता येत न्हाई. कोनाला बोलावं? ते तर देऊन राहिले. आन आता दीडशे माफ झाले की आपली मोटार आन दिवे बी ‘जमलं तर’मधी जातील, कचेरीत सांगितलं मला.”

ती एवढं बोलून थांबली. रडत नव्हती. सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा, मोटार बंद पडल्याची तक्रार सांगावी तसा सरळ होता.

उकंडरावांनी काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली, पुसली. “मंग तुमी पायरीवर काहून न्हाई ठेवला?” ते एकदम म्हणाले.

“काय पायरीवर?” अनुसूयाबाईंच्या शेजारच्या म्हातारीनं विचारलं.

“शिधा. पंच दारात आले न्हाई तर आपन उठायचं, पायली घेऊन देवळाच्या पायरीवर नेऊन ठेवायची. पंच हिशेबाला बसायच्या आत. पायरीवर ठेवलेला शिधा मारुतीचा. तो उचलून परत द्यायची कोनाची छाती हाय?”

“खरं आहे,” अनुसूयाबाई म्हणाल्या. “आमच्या देवळातही हाच रिवाज. पायरीवर आलेलं नाकारायचं नाही. ज्याचा शिधा पायरीवर, त्याचं घर यादीत. मग देणारा कोणी का असेना.”

“ठाऊक व्हतं मला,” जिवनबाई म्हणाली. “पायली भरून दारात उभी बी राह्यले एकदा. पन उंबरा वलांडायचं धाडस झालं न्हाई. म्हनलं, लोक म्हनतील, दिलेली दया हिला सोसंना.”

मग मुन्ना, जो भिंतीला टेकून दात घासत होता, तोंडातला फेस थुंकून म्हणाला, “मावशी, या दयेपायी माझा बी पगार ‘जमलं तर’मधी जाईल का?”

“तुझा तर पयला जाईल,” उकंडराव म्हणाले. कोणी हसलं नाही. उकंडरावही नाही. त्यांनी हात पुढे केला. “कोनीतरी उठवा मला. आन सांगा, हितली पायरी कुठं हाय?”

*

कचेरी उघडली तेव्हा शुल्काच्या खिडकीसमोर निवासातली माणसं उभी होती. बहुतेक सगळी. दोघं-तिघं आली नव्हती. त्यांच्याकडे खरंच काही नव्हतं आणि जिवनबाईनंच त्यांना सांगितलं होतं, की तुमी येऊ नका, तुमचा उंबरा आमच्यात धरला. अनुसूयाबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. उकंडराव मुन्नाच्या मोटारसायकलवरून आले होते आणि उतरताना त्यांनी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं कण्हून घेतलं होतं.

जिवनबाईनं खिडकीतून दीडशे रुपये सरकवले. “एप्रिलचे.”

“आजी, अजून फेब्रुवारी आहे!”

“आगाऊ घेता येत न्हाई का?”

रेवतीनं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागच्या रांगेकडे. तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि आलं तेव्हा तिचा हात टेबलावर तसाच राहिला. येत्या वर्षाचं शुल्क आधीच जमा असेल, तर जमेची ओळ कोरी दाखवता येणार नाही. शीर्ष ठेवावं लागेल. नाहीतर सभेत उभं राहून एकेका म्हाताऱ्याचे पैसे परत करण्याचा ठराव करावा लागेल.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?” तिनं हळूच विचारलं.

“उकंडरावांनी.”

“मारुतीनं,” उकंडराव मागून म्हणाले. “घ्या बाई लवकर, गुडघे दुखून राहिले.”

रेवती उठून मोठ्या साहेबांच्या, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या, केबिनमध्ये गेली. काचेपलीकडे साहेबांनी कपाळाला हात लावलेला दिसला. मग ते उठून दारापर्यंत आले, रांगेवर नजर फिरवली आणि परत आत गेले. रेवती आली ती हसू दाबत.

“नियमात आगाऊ भरणा घेता येतो,” ती म्हणाली. “द्या.”

जिवनबाईनं पैसे सोडले. इतक्या वर्षांपूर्वी भरलेली पायली आज पायरीवर जाऊन टेकली, असं तिला वाटलं. मागे उकंडराव आपल्या खिशातल्या नोटा मोजत होते. त्यांना गोळ्या कमी कराव्या लागणार होत्या. जिवनबाईला त्यांच्याकडे बघवेना.

*

शुक्रवारी सभागृहात मागच्या बाकांवर ते सगळे दाटीवाटीनं बसले. पंख्यांचा आवाज, पुढे नगरसेवक, मध्ये उंच खुर्चीवर नगराध्यक्षा. रेवती एका बाजूला कागद घेऊन. रामकिशनभाऊंनी एकदा मागे वळून बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता की कसनुसा झाला होता, ओळखू येत नव्हतं.

वाचन सुरू झालं. रस्ते, इतके कोटी. नाल्या, इतके लाख. आठवडी बाजाराचे ओटे. रस्त्यावरचे दिवे. घंटागाड्यांचं डिझेल. मोकाट कुत्री. बागेतला पाळणा. शाळेतले खडू-फळे. जिवनबाई तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती. प्रत्येक नावासरशी तिला ती जागा दिसत होती. बागेतला पाळणा कुरकुरतो तोच का? त्याचंही कोणीतरी इथं नाव घेतलं! इतक्या मोठ्या गावात एकही वस्तू अशी नव्हती, जिची इथं कोणाला आठवण नव्हती. देवळात सहस्रनाम चालतं तेव्हा जसं अंग शहारतं, तसं तिचं शहारलं.

“बाब पुढील,” वाचणारा म्हणाला. “ज्येष्ठ निवास, देखभाल शुल्क.”

मागचा बाक एकदम ताठ झाला. अनुसूयाबाईंनी जिवनबाईचा हात धरला.

“या बाबतीत सन्माननीय सदस्य रामकिशनजींचा माफीचा प्रस्ताव आहे. मात्र,” वाचणारा अडखळला, “मात्र पुढील वर्षाचा काही भरणा आगाऊ जमा झालेला आहे.”

समोरच्या बाजूचा एक सदस्य लगेच उठला. “भाऊ, माफीचे पेढे तर वाटून झाले! आता काय, पेढे परत घेता का?”

सभागृह हसलं. रामकिशनभाऊ उठले. त्यांनी पुन्हा एकदा मागे पाहिलं, आणि या वेळी त्यांची नजर जिवनबाईवर थांबली. तिनं नजर खाली घेतली नाही. घाबरली होती, तरी घेतली नाही.

“पेढे खाल्ले त्यायनं,” रामकिशनभाऊ सावकाश म्हणाले, “आन पैसे बी भरले. मी पंधरा वर्षं राजकारन करून राहिलो, अध्यक्ष महोदया. फुकट मिळून राहिलेलं परत करनारी मानसं मी आज पयल्यांदा पाहिली. मला आधी राग आला. मंग रेवतीबाईला विचारलं, काहून? त्यायनं ओळीचं सांगितलं, आन मुन्नानं मावशीच्या पट्टीचं. रातभर मला माझ्या चुलतीचं घर दिसत व्हतं. आमच्या गावात तिची पट्टी आमीच सोडली व्हती.”

हसू कुठल्या कुठं गेलं. पुढचं ते कागद न बघता बोलले. “माफी मागं घेतो. उपसूचना मांडतो. शुल्क दीडशेचं पन्नास करा. ज्याला तेही जमत न्हाई त्यानं अर्ज करावा. पन ओळ तशीच राहू द्या. आन खर्चाच्या बाजूला त्यायचं शीर्ष बंधनकारक ठेवा.”

“अनुमोदन,” पेढ्यांवरून चिडवणारा सदस्यच म्हणाला.

नगराध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. “मंजूर?”

“मंजूर.”

आणि वाचणारा पुढच्या ओळीवर गेला. सार्वजनिक शौचालयं, दुरुस्ती. जिवनबाईला वाटलं होतं, आपली ओळ आली की काहीतरी होईल, निदान पंखे तरी थांबतील. काही झालं नाही. गावाची यादी तशीच पुढे चालत राहिली आणि त्यांची ओळ त्या यादीत, खडू-फळे आणि शौचालयांच्या मध्ये, इतर सगळ्यांसारखी बसली. तेच तिला सगळ्यात मोठं वाटलं. डोळ्यांत आलेलं पाणी तिनं पदरानं टिपलं आणि बागेतल्या झाडांची संख्या ऐकायला पुढे झुकली.

सभा सुटल्यावर जिन्यात गर्दी झाली. मोठे साहेब कागद काखोटीला मारून घाईनं उतरत होते. जिवनबाई त्यांना वाट द्यायला भिंतीला लागली. तेवढ्यात एक काठी जिन्यात आडवी आली.

“साहेब.”

उकंडराव होते. मोंढ्यात तीस वर्षं ओझी उचलताना मालकापुढे मान वर न केलेला माणूस. जिवनबाईला ठाऊक होतं, ते टोमणे मारायचे, टिंगल करायचे, पण आजवर खिडकीत उभे राहून त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

“बोला मामा,” साहेब थांबले.

उकंडरावांनी दोन्ही हात काठीवर ठेवले. घसा साफ केला. “आमच्या न्हानीत धरायला दांडी न्हाई. मी दोनदा पडलो. भिंतीला लोखंडी दांडी पायजे. भक्कम. आन कोन पडायच्या आधी पायजे.”

साहेबांनी खिशातून पेन काढलं. “किती उंचीवर?”

उकंडरावांनी क्षणभर विचार केला, मग आपला वाकलेला, हळदीनं कायमचा पिवळा पडलेला हात हवेत धरून दाखवला, “हितं.”

साहेब खाली वाकून ती उंची बघत होते. जिवनबाई जिन्यात भिंतीला लागून उभी होती, आणि लोक तिच्या शेजारून खाली जात असताना त्या हवेतल्या हाताकडे बघत राहिली.